चौकटीचा जीर्णोद्धार

मोडलेली वस्तू सांधावी की टाकावी, हा प्रश्न दिसावयास अगदी घरगुती आहे. सुतार, गवंडी, कल्हईवाला, शिंपी ह्यांच्या कामापुरताच तो असावा अशी आपली समजूत असते, आणि तत्त्वचिंतनात त्यास जागा मिळावी असे सहसा कोणास वाटत नाही. पुष्कळांच्या मते तर हा निव्वळ हिशेबाचा प्रश्न होय. दुरुस्तीस लागणारा पैसा नव्या वस्तूच्या किमतीहून कमी असेल तर दुरुस्ती करावी, अधिक असेल तर नवी वस्तू आणावी. यात विचार तो काय करावयाचा? परंतु हे उत्तर जितके सोपे आहे तितकेच अपुरे आहे. कारण व्यवहारात चतुर म्हणविणारी माणसेही प्रत्यक्षात असे वागत नाहीत. फाटलेल्या पैठणीचा काठ उतरवून तो दुसऱ्या वस्त्रास लावणारी गृहिणी, वडिलांचे बंद पडलेले घड्याळ नव्या घड्याळाच्या किमतीत दुरुस्त करून घेणारा कारकून, ह्यांस हिशेब येत नाही असे कोण म्हणेल? तोटा दिसत असूनही माणसे तो आनंदाने सोशितात, तेव्हा त्याच्या मुळाशी हिशेबापलीकडचे काही कारण असले पाहिजे. ते कारण निव्वळ ममता आहे की कर्तव्य आहे, आणि कर्तव्य असेल तर त्यास मर्यादा कोणती, याचा विचार येथे योजिला आहे. विवेचन हवेत राहू नये म्हणून उदाहरण मात्र घरातलेच घेतो.

आमचे रत्नागिरीचे घर जांभ्या चिऱ्याचे, कौलारू व जुने आहे. त्याच्या दर्शनी दाराची चौकट फणसाच्या लाकडाची आहे. दोन उभे खांब, वर गणेशपट्टी आणि खाली उंबरठा, एवढाच तिचा विस्तार. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तिचा उजवीकडील खांब तळाशी खचला, उंबरठ्याशी असलेला सांधा सुटला, आणि दार उचलून धरल्याशिवाय लागेनासे झाले. रत्नागिरीस वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. तेव्हा चौकट कुजली यात नवल नाही, इतकी वर्षे टिकली हेच नवल म्हणावयाचे. लाकडाचे तंतू म्हणजे बारीक नळ्यांची जुडीच होय. खांबाच्या अंगावरून पाणी ओघळून जाते, पण तळाच्या कापलेल्या तोंडाने तेच पाणी आत शोषले जाऊन वर चढते. ओल मुरली की बुरशी धरते, आणि बुरशीने मऊ केलेल्या लाकडास वाळवी चिऱ्यांच्या सांध्यांतून मातीची वाट बांधीत येऊन गाठते. म्हणूनच आमच्याकडील जुने लोक खांबाचा पाय मातीत न पुरता दगडावर टेकवीत, आणि काजूबियांच्या टरफलांचे काळे तेल त्यास पाजीत. अंगणाची पातळी काही पिढ्यांत वर चढली, दगड मातीखाली गेला आणि तेल पाजण्याची चाल सुटली, म्हणजे मग चौकटीचे भवितव्य सांगावयास ज्योतिषी नको.

काय करावे याविषयी घरात तीन मते पडली. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ, जे आमचे सर्व बाबतींतले सल्लागार आहेत, त्यांचे म्हणणे असे की, भुशात सरस कालवून भोके बुजवावीत, वर तेलरंगाचे दोन हात द्यावेत. दिवाळीच्या पाहुण्यांस काही दिसणार नाही. आमच्या चिरंजीवांचे मत ह्याच्या अगदी उलट होते. ते मुंबईस राहतात. जुनी चौकट मुळासकट काढून ग्रॅनाइटची बसवावी, तीस ना पाऊस ना वाळवी, आणि पुढील पन्नास वर्षे ह्या विषयावर बोलण्याची गरज उरणार नाही, असा त्यांचा निकाल. तिसरे मत सुताराचे. त्याने पटाशीचे टोक खालून वर जागोजाग टोचून पाहिले, मुठीने ठोकून आवाज ऐकला, आणि कमरेच्या बराच खाली एक रेघ ओढून सांगितले, की हिच्या खालचे गेले, हिच्या वरचे तुमच्या नातवांच्या नातवांसही पुरेल.

ही केवळ तीन मते नव्हेत. ह्या तीन नीती आहेत. जगातील प्रत्येक मोडलेल्या गोष्टीविषयी, मग ती चौकट असो, मैत्री असो, संस्था असो वा रूढी असो, माणसे ह्या तीनपैकी कोणत्या तरी एका रीतीने वागतात. काही झाकतात, काही उपटतात आणि थोडे सांधतात.

पैकी झाकणाऱ्यांचा विचार फार वेळ करावयास नको. बुजविणे ही दुरुस्ती नव्हे, दुरुस्तीचे सोंग होय. भुशाखाली बुरशी चालूच राहते. किंबहुना रंगाने वाट बंद केल्यामुळे आतली ओल बाहेर पडत नाही आणि कुजणे अधिकच वेगाने होते. असत्यामध्ये हा गुण नेहमीच असतो. ते दोष नुसता लपवीत नाही, त्यास पोसते.

उपटणाऱ्यांचा पक्ष मात्र इतका दुबळा नाही. नवे करणाऱ्याच्या ठिकाणी एक प्रकारचा प्रांजळपणा असतो. जे गेले ते गेले असे तो मोकळेपणाने म्हणतो. आणि जुन्या वस्तूवरील ममता हे काही तिला राखण्याचे पुरेसे कारण नव्हे, हेही खरेच. ममता वस्तूचा गुण पाहत नाही, फक्त माझेपण पाहते. आजोबांची म्हणून चौकट राखावी असे म्हटले, तर आजोबांचे कर्ज व आजोबांचे वैरही राखावे लागेल. तेव्हा दुरुस्तीचे समर्थन करावयाचे तर ते ममतेहून भक्कम पायावर केले पाहिजे.

असा पाया आहे असे आम्हांस वाटते, आणि तो ऋणाच्या कल्पनेत सापडतो. आपल्या पूर्वजांनी मनुष्य हा जन्मतःच ऋणी मानिला. देवांचे, ऋषींचे व पितरांचे अशी तीन ऋणे त्याच्या माथी सांगितली. ह्या कल्पनेतील धर्मविधीचा भाग बाजूस ठेविला तरी तिचे मर्म उरतेच: आपण ज्या जगात येतो ते दुसऱ्यांनी घडविलेले असते, आणि त्याची किंमत आपण दिलेली नसते. फणसाचे झाड चौकटीजोगे पिवळेधमक लाकूड देण्याइतके जून व्हावयास माणसाचे अर्धे आयुष्य जाते. पुढे ते तोडणे, वाळविणे, तासणे आणि कुसू खाचेत असे बसविणे, की खिळ्यावाचून दोन पिढ्या हलू नये, यात कोणा अनामिक कारागिराचे कौशल्य खर्ची पडलेले असते. ही चौकट मी विकत घेतलेली नाही. मी तिचा वारस आहे. वारशास दोन टोके असतात. मागच्याकडून मिळते, म्हणून पुढच्यास देणे लागते. संस्कृत शास्त्रकार ज्यास देहलीदीपन्याय म्हणतात, म्हणजे उंबरठ्यावर ठेविलेला दिवा जसा घरात आणि अंगणात दोन्हीकडे उजेड पाडतो, तसे हे कर्तव्य आहे. ज्याचा वरचा दीड पुरुष भाग धडधाकट आहे असा खांब पायाशी वीत-दोन वीत कुजला म्हणून फेकून देणे, हे त्या झाडाचे व त्या कारागिराचे देणे बुडविणे होय. अपव्ययाचा दोष पैशात मोजता येतो. हा दोष पैशात मोजता येत नाही, म्हणूनच तो हिशेबात धरला जात नाही.

आता सुताराने काय केले ते पाहू, कारण त्याच्या कृतीत बरेच तत्त्वज्ञान आहे. त्याने प्रथम दाराची फळी उतरवून गणेशपट्टीखाली टेकू दिला, म्हणजे भिंतीचा भार आजारी खांबावर राहू नये. मग रेघेवर करवत धरली. पण ती आडवी न धरता तिरपी धरली. आडव्या कापावर ठेविलेला तुकडा नुसता टेकलेला असतो. तिरप्या कापाने जुने व नवे लाकूड एकमेकांस लांबवर स्पर्श करतात आणि भार वाटून घेतात. खाली जोडावयाचा तुकडाही त्याने फणसाचाच घेतला, तोही चांगला मुरलेला. ओले नवे लाकूड पुढे आकसते आणि सांधा उघडा पडतो. गुण्या लावून, रंधा मारून, पुनःपुन्हा बसवून व काढून त्याने दोन्ही तोंडे जुळविली, आरपार दोन लाकडी खुंट्या ठोकल्या आणि पायाखाली दगड घातला. सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की नव्या तुकड्याचा पिवळा रंग जुन्या काळवंडलेल्या खांबाशी मिळवून देण्याचा त्याने प्रयत्न केला नाही. तो कालांतराने आपोआप मिळेल, एवढेच तो बोलला.

येथे एक जुना प्रश्न उपस्थित होतो. आज खांबाचा पाय बदलला. उद्या उंबरठा बदलेल, परवा गणेशपट्टी. अखेरीस मूळ लाकडाचा एक तंतूही उरला नाही, तर ती आजोबांची चौकट राहील काय? ग्रीक चरित्रकार प्लूटार्क याने थिसिअसच्या चरित्रात लिहिले आहे की, त्या वीराचे तीस वल्ह्यांचे गलबत अथेन्सच्या लोकांनी कित्येक शतके जपले. कुजलेल्या फळ्या काढून नव्या घालीत गेले. आणि हे तेच गलबत की दुसरे, यावर तेथील तत्त्वज्ञांत दोन तट पडले. सतराव्या शतकात इंग्रज तत्त्ववेत्ता हॉब्ज याने ह्या कोड्यास आणखी एक गाठ मारिली. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा करून त्यांचे त्याच बांधणीचे दुसरे गलबत उभारिले, तर थिसिअसचे गलबत कोणते? आपल्याकडील बौद्ध वाङ्मयात ह्याच जातीचा संवाद आहे. यवन राजा मिलिंद रथातून आला असता भिक्षू नागसेन त्यास विचारतो, की दांडी म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय? ह्यांपैकी कोणतेही एक म्हणजे रथ नव्हे, आणि ह्या सर्वांवेगळाही रथ नाही. अवयवांच्या विशिष्ट जुळणीस व्यवहारात दिलेले ते नाव आहे, असा त्यातून निघणारा निष्कर्ष.

नागसेनाचे उत्तर तर्कदृष्ट्या बिनतोड आहे. पण ज्यास चौकट राखावयाची आहे त्याचे त्याने समाधान होत नाही. ते समाधान तर्कापेक्षा आचारात अधिक सापडते. पुरीस जगन्नाथाच्या काष्ठमूर्ती कडुनिंबाच्या असतात, आणि ज्या वर्षी आषाढ अधिक येतो अशा काही वर्षी त्या बदलण्याचा नवकलेवर नामक विधी होतो; अलीकडे तो १९९६ व २०१५ साली झाला. लाकूड सगळे नवे, पण देव नवा झाला असे कोणी भाविक म्हणत नाही. जपानात इसे येथील देवस्थानाची लाकडी देवालये दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जशीच्या तशी पुन्हा उभारतात. २०१३ साली ही पुनर्रचना बासष्टाव्या वेळी झाली. तेथे लाकडाचे वय वीस वर्षांहून अधिक होत नाही, परंतु ते लाकूड जोडण्याची विद्या मात्र एका पिढीच्या हातून दुसऱ्या पिढीच्या हाती अखंड जाते. आणि इतक्या दूर जावयाचे तरी कशाला? रत्नागिरीच्या प्रत्येक बागाईतदारास हे कोडे हातानेच सुटलेले आहे. हापूस आंबा कोयीपासून जसाच्या तसा उतरत नाही. त्याचे कलम करावे लागते. रायवळाच्या रोपास तिरपा काप द्यावयाचा, हापुसाची काडी तशीच तिरपी कापून त्यावर बसवावयाची, आणि दोन्ही एकजीव होईपर्यंत बांधून ठेवावयाची. मूळ झाड केव्हाच मेले असेल. पण त्याची काडी झाडामागून झाडावर चढत आली, आणि आज बाजारात ज्यास आपण हापूस म्हणतो तो त्या अर्थाने तोच हापूस आहे. सुताराची तिरपी करवत आणि माळ्याचा तिरपा चाकू एकच गोष्ट सांगतात. तेच-पण द्रव्यात राहत नाही. ते जोडणाऱ्या हातांच्या सातत्यात राहते.

तथापि सातत्य म्हणजे सोंग नव्हे. इंग्लंडात रस्किनने १८४९ साली आपल्या वास्तुकलेवरील ग्रंथात जीर्णोद्धारावर कठोर हल्ला चढविला. जुनी इमारत नव्याने 'पूर्ववत्' करणे हे त्याच्या मते असत्यच होते, कारण गेलेल्या कारागिराचा आत्मा परत आणिता येत नाही. ह्याच विचाराने पुढे १८७७ साली विल्यम मॉरिसने प्राचीन इमारतींच्या रक्षणार्थ मंडळी स्थापिली. रस्किनचा रोष दुरुस्तीवर नव्हता, बतावणीवर होता. छपराची व पन्हळींची वेळच्या वेळी निगा राखा, म्हणजे जीर्णोद्धाराची वेळच येणार नाही, असे त्याचेच सांगणे आहे. आमच्या सुताराने नवा तुकडा रंगविला नाही यात रस्किनला समाधान वाटले असते. सांधा दिसावा हीच प्रामाणिक दुरुस्ती. जेथे तो दिसत नाही तेथे पुढच्या पिढीस जुने कोणते व आपले कोणते हे कळत नाही, आणि आपल्या चुका पूर्वजांच्या माथी बसतात.

येथवरचे विवेचन वाचून एखादा विचारी वाचक आक्षेप घेईल, आणि तो आक्षेप टाळून हा लेख संपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. आक्षेप असा: लाकडाविषयी हे सर्व ठीक, पण दुरुस्तीची ही भाषा समाजास लावली की ती नेहमी स्थितिप्रियांच्या कामी येते. जुने आहे म्हणून राखा, हळूहळू बदला, सांधा जपून घाला, असा उपदेश करणारे बहुधा घराच्या आत बसलेले असतात. जे बाहेर उभे आहेत त्यांनी किती काळ थांबावे?

हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर ह्याच महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. १९३० साली डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा त्या मंदिराची चौकट मोडलेली नव्हती. दगड भक्कम होता, दार भक्कम होते, सांधे घट्ट होते. ते दार बंद होते, एवढेच. कोणताही सुतार त्या चौकटीस ठोकून पाहता तर ती उत्तम आहे असेच म्हणाला असता. परंतु चौकट कशासाठी असते? भिंतीत माणसास जाण्यायेण्यास वाट राहावी आणि त्या वाटेवर भिंत कोसळू नये, एवढ्यासाठीच. जिच्यातून काही माणसांस जाऊ द्यावयाचे नाही असे ठरले ती चौकट, लाकूड कितीही निरोगी असो, मोडलेलीच समजली पाहिजे. मोडणे हा शब्द आपण द्रव्यास लावितो. वस्तुतः तो प्रयोजनास लावावयास हवा.

आमच्या रत्नागिरीने ह्या प्रश्नास एक उत्तर दिले. सावरकर येथे स्थानबद्ध असता, त्यांच्या प्रेरणेने आणि भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्याने १९३१ साली पतितपावन मंदिर उभे राहिले. त्याचे दार पहिल्या दिवसापासून सर्व जातींस मोकळे होते. हा नव्या चौकटीचा मार्ग. दुसरे उत्तर १९४७ साली पंढरपुरास मिळाले. ह्याच जिल्ह्यातील पालगडचे सुपुत्र साने गुरुजी यांनी तेथे उपोषण केले, आणि विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांस खुले झाले. तेथे एक चिराही बदलावा लागला नाही. शतकानुशतके ज्या उंबऱ्याबाहेरून चोखामेळ्याची परंपरा आत पाहत राहिली, तोच उंबरा तिने ओलांडला. जुनी वास्तू आपल्या मूळ प्रयोजनास परत आली, आणि आमच्या मते जीर्णोद्धार ह्या शब्दाचा इतका शुद्ध अर्थ क्वचितच कोठे प्रकट झाला असेल. पण हेही विसरता कामा नये, की हा अर्थ प्रकट व्हावयास एका माणसास प्राण पणास लावावे लागले, आणि नाशिकास कित्येक वर्षे दाराशी उभे राहिलेल्यांस तो मिळालाच नाही. त्यांच्यापैकी ज्यांनी पुढे ते घरच सोडले, त्यांस 'थोडे थांबावयाचे होते' असे म्हणण्याचा अधिकार आत बसलेल्यांपैकी कोणासही नाही.

यावरून दुरुस्तीच्या कर्तव्यास मर्यादा कोणती, हे स्पष्ट होते. प्रथम प्रयोजन विचारावे: ही वस्तू, ही संस्था, ही चाल कोणासाठी व कशासाठी आहे, आणि ते काम ती अजून करू शकेल काय? करू शकत असेल तर तिला राखणे हे ऋण आहे. मग कुजके किती हे पाहावे. आणि हे पाहण्याचे काम केवळ मालकाकडे सोपवू नये, कारण त्यास ममतेमुळे कमी दिसते, आणि नवा माल विकणाऱ्याकडेही सोपवू नये, कारण त्यास लोभामुळे अधिक दिसते. पटाशी हातात घेऊन टोचून पाहणाऱ्यावर ते सोपवावे. आणि माणसांच्या बाबतीत, ज्यास त्या चौकटीचा मार बसला आहे त्याची साक्ष प्रथम घ्यावी. चौकट ठीक आहे की नाही हे घरात बसलेल्यास विचारून कळत नाही. बाहेर पावसात उभा असलेला ते अधिक अचूक सांगतो. कुजके ठरले की ते निरोगी लाकूड लागेपर्यंत निर्दयपणे कापावे. बोटभर कुजके मागे ठेविले तर सगळी मेहनत व्यर्थ जाते. आणि निरोगी लाकूड लागले की मात्र करवत थांबवावी. नवे करण्याच्या उत्साहात धडधाकट भागही कापणे, हे कुजके राखण्याइतकेच मोठे पाप आहे.

करवत कोठे चालवावी आणि कोठे थांबवावी, हे एकदा ठरवून कायमचे सुटत नाही, ही ह्या कर्तव्यातील खरी अडचण. ग्रॅनाइटची चौकट बसविणाऱ्यास पन्नास वर्षांची निश्चिंती हवी असते, आणि ती त्यास मिळतेही. लाकूड राखणाऱ्यास ती मिळत नाही. त्याने दर मृगापूर्वी वाकून पायाशी टोचून पाहिले पाहिजे, तेल पाजले पाहिजे, माती उकरून दगड मोकळा ठेविला पाहिजे. आणि हे सर्व पुढच्यास शिकविले पाहिजे. आपले चिरंजीव हे शिकतील की नाही याची खात्री कोणत्याच बापास नसते. पण आपल्यालाही ती चौकट ज्यांनी दिली, त्यांस आपली खात्री कोठे होती?